समुद्रावरील वाटमारी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, कामशेतहून पवना धरणाकडे जाताना बेडसे नावाचे एक लहानसे गाव लागते. गावाच्या पाठीशी जो डोंगर उभा आहे, त्याच्या कुशीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. चारशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले, की कातळाच्या दोन भिंतींमधून एक अरुंद वाट आत जाते आणि एकाएकी दृष्टीपुढे उंच उंच खांब उभे राहतात. त्या खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती व बैल यांच्यावर आरूढ झालेली स्त्री-पुरुषांची युगुले कोरलेली आहेत. कारागिरांचा हात इतका सफाईदार होता, की त्या प्राण्यांच्या पाठीवरील वळणेही अद्याप स्पष्ट दिसतात.

अनेक वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेच्या मुलांना घेऊन ही लेणी पाहण्यास गेलो होतो. तेथे ब्राह्मी लिपीतील एक लेख आहे. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या पुत्राने येथे दान दिले, असे त्यात नमूद केले आहे. ते ऐकून सातवीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, नाशिकच्या सावकाराचा या डोंगराशी काय संबंध?" मी त्याला सांगितले, की हा डोंगर जुन्या व्यापारी मार्गाच्या वाटेवर होता. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत परदेशांतून जहाजे येत. त्यांतील माल बैलांच्या पाठीवर लादून घाटाने वर येई आणि जुन्नर, पैठण, तेर अशा पेठांकडे जाई. घाट चढून थकलेले व्यापारी लेण्यांतील भिक्षूंच्या आश्रयाला उतरत आणि यथाशक्ती दान देत. हे ऐकल्यावर त्या मुलाने दुसरा प्रश्न केला, "मग त्या व्यापाऱ्यांना चोर लुटत नसत का?"

प्रश्न लहान होता; परंतु त्याचे उत्तर लहान नाही. घाटातील चोरांची गोष्ट तर आपल्याला ठाऊक असते. पण माल घाटापर्यंत पोहोचण्यापूर्वी समुद्रावरच लुटला जाण्याचे भय त्याहून मोठे होते. आणि विद्यार्थिमित्रांनो, ते भय आजही सरलेले नाही. समुद्रावर जहाजे लुटणाऱ्यांना चाचे म्हणतात व त्यांच्या धंद्याला चाचेगिरी. या पाठात आपण तिचीच ओळख करून घेणार आहोत.

वाटमाऱ्या कोठे दबा धरून बसतो? मोकळ्या माळावर तो बसत नाही. माळावर वाटसरू कोणत्याही बाजूने जाऊ शकतो आणि लांबूनच त्याची दृष्टी चोरावर पडते. वाटमाऱ्या खिंडीत बसतो. कारण खिंडीत सर्वांना एकाच वाटेने जावे लागते. शिवाय लूट घेऊन पळून जाण्यासाठी जवळच रान हवे, आणि आसपास चौकी पहारा नसावा. या तीन गोष्टी जेथे जुळतात तेथे वाटमारी होते. समुद्राचेही अगदी असेच आहे. समुद्र अफाट दिसला, तरी जहाजे त्यावर वाटेल तशी भटकत नाहीत. त्यांचेही ठरलेले मार्ग असतात. दोन भूप्रदेशांमधील चिंचोळ्या पाण्याला आपण सामुद्रधुनी म्हणतो; ती समुद्रातील खिंडच होय. अशा सामुद्रधुनीच्या काठी खाड्या, बेटे व दाट झाडी असली आणि तेथील राज्यव्यवस्था दुबळी असली, म्हणजे चाच्यांचे फावते.

ही गोष्ट फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक लेखकाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या जलप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तिच्यात सोपारा, कल्याण व चौल यांची नावे येतात आणि त्याच किनाऱ्याच्या दक्षिण भागात चाच्यांचे वास्तव्य असल्याचाही उल्लेख येतो. त्याच शतकातील प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो, की भारताकडे येणाऱ्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीने धनुर्धारी सैनिक ठेवावे लागत. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला मार्को पोलो ठाण्याविषयी आणखी एक आश्चर्याची गोष्ट नोंदवतो. तेथील राजाचे म्हणे चाच्यांशी संगनमत होते. चाच्यांनी लुटीतील सर्व घोडे राजाला द्यावेत आणि उरलेला माल स्वतः घ्यावा, असा त्यांचा करार होता. रक्षक म्हणवणारेच लुटीत वाटेकरी झाले म्हणजे चोरांना भय कोणाचे?

सन १६९५ मध्ये आपल्या पश्चिम समुद्रात घडलेली लूट तर साऱ्या जगात गाजली. औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ नावाचे प्रचंड जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परत येत होते. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते गाठले व लुटले. जहाजावरील स्त्री-पुरुषांचे अनन्वित हाल झाले. बादशहा संतप्त झाला आणि त्याचा राग सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांना भोगावा लागला. एव्हरीच्या काही साथीदारांना पुढे फाशी झाली. परंतु तो स्वतः मात्र कधीच सापडला नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत आपल्या कान्होजी आंग्रे यांनाही चाचा म्हटले आहे. ते खरे होते काय? कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य अधिकारी होते. कुलाबा, विजयदुर्ग असे किल्ले त्यांच्या ताब्यात होते. मावळाशीही त्यांचा निकट संबंध आला. लोहगड व राजमाची हे किल्ले त्यांनी घेतले होते. पुढे बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने १७१४ च्या सुमारास लोणावळ्यात तह झाला आणि ते शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी मराठी राज्याचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा नियम होता. दस्तक न घेता जाणारे जहाज ते अडवीत. पोर्तुगीजही त्याच समुद्रावर आपले परवाने सक्तीने घ्यावयास लावीत असत. मग एकाचा तो हक्क आणि दुसऱ्याची ती चोरी कशी? इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये तर पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर चालून गेले. तिन्ही वेळा त्यांना हात हलवीत परतावे लागले. आज मुंबईतील भारतीय नौदलाच्या एका तळाला ‘आंग्रे’ हेच नाव दिलेले आहे.

तेव्हा चाचा कोण आणि चाचा कोण नव्हे, हे शत्रूने ठेवलेल्या नावावरून ठरत नाही. त्यासाठी नियम लागतो. तसा नियम संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ सालच्या समुद्रविषयक करारात सांगितला आहे. खुल्या समुद्रावर, एका जहाजावरील लोकांनी, स्वतःच्या खाजगी लाभासाठी दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला, लूट किंवा अडवणूक म्हणजे चाचेगिरी. यात ‘खुला समुद्र’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्येक देशाच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंतचे पाणी त्या देशाच्या सत्तेखाली असते. त्या पाण्यात जहाज लुटले गेले तर कायद्याच्या भाषेत ती चाचेगिरी नसून सशस्त्र दरोडा ठरतो आणि त्याचा बंदोबस्त त्याच देशाने करावयाचा असतो. खुल्या समुद्रावर मात्र कोणत्याही एका देशाचे राज्य नसते. म्हणून तेथील चाच्यांना पकडण्याचा व शिक्षा करण्याचा अधिकार सर्वच देशांना दिलेला आहे. चाचा हा एका राष्ट्राचा नव्हे, तर साऱ्या मानवजातीचा शत्रू होय, असा यामागचा जुना विचार आहे.

आता जगाचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर समुद्रातील खिंडी शोधा. प्रथम पूर्वेकडे पाहा. मलेशियाचा द्वीपकल्प आणि इंडोनेशियाचे सुमात्रा बेट यांच्यामध्ये मलाक्काची सामुद्रधुनी आहे. तिच्याच टोकाला सिंगापूरची सामुद्रधुनी लागते. चीन व जपान यांच्याकडे जाणारी असंख्य जहाजे याच वाटेने जातात. एके ठिकाणी तर हा मार्ग जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. अशा जागी जहाजांना वेग कमी करावा लागतो. मग रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून चोर येतात, लांब बांबूला बांधलेला आकडा जहाजाच्या कठड्याला अडकवतात आणि वर चढतात. यंत्रांचे सुटे भाग, दोरखंड, खलाशांजवळील पैसे, जे हाती लागेल ते घेऊन पहाटेपूर्वी ते पसार होतात. येथील बहुतेक प्रकार अशा भुरट्या चोरीचे असतात. याहून पूर्वेस, फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील सुलू समुद्रात मात्र खलाशांना पळवून नेण्याचे भयंकर प्रकार घडलेले आहेत.

नंतर आफ्रिकेच्या पश्चिमेकडे या. तेथे गिनीचे आखात आहे. नायजेरियातील तेल येथूनच जगभर जाते. नायजर नदी समुद्राला मिळते तेथे खाड्यांचे व दलदलीचे मोठे जाळे पसरले आहे. या भागातील चाचे जहाज सोडून देतात आणि माणसे उचलून त्या खाड्यांत लपवतात. सन २०२० मध्ये साऱ्या जगात मिळून १३५ खलाशी पळवले गेले. त्यांपैकी १३० जण याच आखातातले होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये एका तेलवाहू जहाजावरून अठरा भारतीय खलाशांना येथेच पळवून नेण्यात आले होते. सुदैवाने त्याच महिन्यात त्यांची सुटका झाली. पुढे किनाऱ्यावरील देशांनी गस्त वाढवली, कायदे कडक केले आणि तेथील उपद्रव बराच उतरला.

तिसरी जागा आपल्या दृष्टीने सर्वांत निकटची. अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेकडे गेले, की एडनचे आखात लागते. त्याच्या टोकाला बाब-एल-मंदेब ही सामुद्रधुनी आहे. तीतून तांबड्या समुद्रात व पुढे सुएझ कालव्यातून युरोपात जाता येते. या आखाताच्या दक्षिणेस सोमालिया हा देश आहे. त्याचा किनारा तीन हजार किलोमीटरांहून लांब आहे. सन १९९१ मध्ये तेथील सरकार कोसळले आणि देशात यादवी माजली. किनाऱ्यावर पहारा करणारे कोणी उरले नाही. तेव्हा परदेशांची मोठी मासेमारी जहाजे येऊन तेथील मासळी बेकायदा ओरबाडून नेऊ लागली. चिडलेल्या काही कोळ्यांनी शस्त्रे हाती घेऊन अशा जहाजांकडून दंड वसूल करावयास आरंभ केला. प्रारंभी तक्रारीत काही तथ्य होते. पण बंदुकीच्या धाकाने पैसा मिळतो, ही चटक एकदा लागली की ती सुटत नाही. लवकरच या धंद्यात शस्त्रे पुरवणारे व भांडवल घालणारे लोक शिरले. ज्या जहाजांचा मासळीशी काडीमात्र संबंध नव्हता, तीही पकडली जाऊ लागली. अन्नधान्य घेऊन त्याच उपाशी देशाकडे चाललेली जहाजेसुद्धा यातून सुटली नाहीत. अन्यायाविरुद्ध उगारलेला हात अशा रीतीने स्वतःच अन्याय करू लागला.

सोमालियाच्या चाच्यांची रीत पूर्वेकडील चोरांहून वेगळी होती. ते माल चोरीत नसत. एखादे मोठे जहाज पकडून ते तळ म्हणून वापरावयाचे, त्यावरून शेकडो मैल दूर समुद्रात जावयाचे आणि तेथून वेगवान होड्या सोडून दुसरे जहाज गाठावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. जहाज व त्यावरील माणसे किनाऱ्याजवळ नेऊन ते ओलीस ठेवीत आणि मालकाकडून खंडणी मागत. २०१० साली जगभरात चाचेगिरीच्या व सशस्त्र दरोड्याच्या ४४५ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत ११८१ खलाशी ओलीस धरले गेले.

आकडे वाचून माणसांचे दुःख कळत नाही. म्हणून एकाच जहाजाची हकीकत सांगतो. २८ सप्टेंबर २०१० रोजी ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पकडले गेले. त्यावरील पंधराही खलाशी भारतीय होते. साडेसहा महिन्यांनी, एप्रिल २०११ मध्ये, खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज सोडले. पण माणसे मात्र आठच सोडली. उरलेल्या सातजणांना त्यांनी रोखून धरले. याचे कारण असे, की त्याच वर्षी जानेवारी ते मार्च या काळात आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने लक्षद्वीपच्या बाजूस व अरबी समुद्रात चार मोहिमा करून १२० चाचे पकडले होते आणि त्यांना मुंबईत आणले होते. आमचे साथीदार सोडा, तर तुमची माणसे सोडू, अशी चाच्यांची अट होती. मोठा कठीण पेच उभा राहिला. चाच्यांना सोडावे, तर ते उद्या आणखी शंभर खलाशी पकडणार. न सोडावे, तर सात घरांतील माणसे दारांकडे डोळे लावून बसलेली. चाच्यांची ती अट मान्य झाली नाही. मुंबईत खटले चालले आणि २०१७ साली आरोपींना सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. ते सात खलाशी ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटून आले. चार वर्षांहून अधिक काळ ते कैदेत होते. चार वर्षे म्हणजे पाचवीतला मुलगा नववीत जाईपर्यंतचा काळ, एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्या दुःखाची कल्पना येईल.

भीतीमुळे कधी कधी निरपराधांचेही प्राण जातात. चाच्यांच्या भयाने जहाजे भारताच्या किनाऱ्यालगत येऊन जाऊ लागली. काही जहाजांवर बंदूकधारी पहारेकरी असत. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर इटलीच्या एका तेलवाहू जहाजावरील सैनिकांनी मासेमारीच्या एका होडीवर गोळ्या झाडल्या. त्यांना ती चाच्यांची होडी वाटली. तीत आपले गरीब कोळी होते. त्यांपैकी दोघे ठार झाले. पुढे नऊ वर्षांनी, दहा कोटी रुपयांची भरपाई जमा झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने तो खटला बंद केला. परंतु गेलेली माणसे भरपाईने परत येत नाहीत.

आता चाच्यांना पकडण्याचे काम कसे चालते, ते पाहू. १९९९ सालची गोष्ट आहे. ‘अलोन्ड्रा रेनबो’ नावाचे जपानी मालकीचे जहाज सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून जपानकडे निघाले. २२ ऑक्टोबरच्या रात्री चाच्यांनी ते बळकावले. सतरा खलाशांना त्यांनी काही दिवस डांबून ठेवले आणि नंतर रबरी तराफ्यावर बसवून भर समुद्रात सोडून दिले. सुमारे दहा दिवस ते बिचारे लाटांवर हेलकावे खात होते. अखेर थायलंडच्या कोळ्यांना ते दिसले व वाचले. इकडे चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, नवे नाव लिहिले आणि काही माल वाटेतच उतरवला. परंतु मलेशियातील क्वालालंपूर येथे १९९२ पासून एक सूचनाकेंद्र चालते. चाचेगिरीची वार्ता कळताच ते सर्व जहाजांना व देशांना सावध करते. त्या केंद्राच्या सूचनेवरून आपल्या तटरक्षक दलाने पश्चिम समुद्रात शोध सुरू केला. संशयित जहाज दिसताच ‘ताराबाई’ या गस्ती जहाजाने त्याला थांबण्याचा इशारा दिला. ते थांबेना, तेव्हा गोळीबार झाला. मदतीला नौदलाची ‘प्रहार’ ही युद्धनौका आली. १६ नोव्हेंबर रोजी चाचे शरण आले. पुरावा नष्ट व्हावा म्हणून त्यांनी जहाजाला आग लावली होती व ते बुडवण्याची तजवीजही केली होती. आपल्या नौसैनिकांनी जहाजावर चढून ते वाचवले आणि मुंबईला ओढून आणले. महाराणी ताराबाईंचे नाव धारण करणाऱ्या जहाजाने चाच्यांची वाट अडवावी, हा योग मोठा समर्पक होता.

पण या कथेचा शेवट वेगळाच झाला. २००३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्या चाच्यांना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. २००५ साली मात्र उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच आपल्याकडे त्या वेळी नव्हता. चोर पकडण्यास धैर्य लागते, तसे त्याला शिक्षा देण्यास नेमका कायदा लागतो, हा धडा यातून मिळाला. २०२२ साली संसदेने सागरी चाचेगिरी प्रतिबंधक कायदा केला. त्यात चाचेगिरीसाठी जन्मठेपेपर्यंत आणि तिच्यात कोणाचा मृत्यू घडल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा सांगितली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजाच्या यंत्रघरात काम करतो. सुट्टीत गावी आला असता त्याने सांगितलेली माहिती ऐकण्यासारखी आहे. धोक्याच्या भागात शिरण्यापूर्वी जहाजाच्या कठड्याभोवती काटेरी तारांची वेटोळी गुंडाळतात. आग विझवण्याचे नळ बाहेरच्या दिशेने रोखून ठेवतात, म्हणजे चढू पाहणाऱ्यावर पाण्याचा जबर मारा करता येतो. रात्रंदिवस दुर्बिणीतून टेहळणी चालते. जहाजाचा वेग शक्य तितका वाढवतात. कारण ताशी अठरा सागरी मैलांहून अधिक वेगाने जाणाऱ्या जहाजावर चढणे चाच्यांना फार कठीण जाते. एवढे करूनही चाचे चढलेच, तर सर्व खलाशी एका भक्कम पोलादी खोलीत शिरून दार आतून बंद करतात. तेथे अन्न, पाणी व संदेश पाठवण्याचे यंत्र ठेवलेले असते. तो म्हणाला, "गुरुजी, ती खोली म्हणजे आमचा बालेकिल्ला. तट पडला तरी बालेकिल्ला लढवायचा, हे आपण लोहगडावर शिकलोच होतो."

त्या बालेकिल्ल्याचा उपयोग ५ जानेवारी २०२४ रोजी दिसून आला. तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रांचे हल्ले होऊ लागल्याने नौदलांचे लक्ष तिकडे वेधले गेले होते. ती संधी साधून सोमालियाच्या चाच्यांनी पुन्हा डोके वर काढले. ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर चाचे चढल्याची वार्ता येताच आपली ‘चेन्नई’ ही युद्धनौका धावून गेली. नौदलाचे कमांडो जहाजावर उतरले, तेव्हा एकवीसही खलाशी त्या सुरक्षित खोलीत सुखरूप आढळले. त्यांत पंधरा भारतीय होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘सुमित्रा’ या नौकेने इराणी ध्वजाच्या दोन मासेमारी जहाजांची सुटका केली. त्यांपैकी एकावरील एकोणीस खलाशी पाकिस्तानचे होते. संकटातील खलाशाला नौसैनिक त्याचे राष्ट्र विचारीत नाही. त्यानंतर मार्च महिन्यात याहून मोठी कामगिरी झाली. ‘रुएन’ हे मालवाहू जहाज तीन महिन्यांपासून चाच्यांच्या ताब्यात होते. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर ‘कोलकाता’ या युद्धनौकेने ते अडवले. विमानातून कमांडो व त्यांच्या होड्या समुद्रात उतरवण्यात आल्या. सुमारे चाळीस तासांच्या मोहिमेनंतर, १६ मार्च २०२४ रोजी, ३५ चाचे शरण आले आणि सतराही खलाशी इजा न होता सुटले. चाच्यांना मुंबईत आणून नव्या कायद्याखाली पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. भारताचा जो परदेशी व्यापार चालतो, त्यातील वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे ये-जा करतो. आपल्या गावातून धावणाऱ्या मोटारीत घातले जाणारे तेल, शेतातील काही खते, आपण खातो ते खाद्यतेल यांचा बराच भाग कोणत्यातरी जहाजाच्या पोटातून आलेला असतो. मावळातील शेतकऱ्याने समुद्र पाहिलेला नसेल. पण समुद्रावरील वाट बंद पडली, तर तिचा चटका त्याच्या चुलीपर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.

आणि मावळाने समुद्राच्या रक्षणात आपला वाटा उचललेलाही आहे. लोणावळ्याला ‘शिवाजी’ या नावाची नौदलाची संस्था १९४५ पासून आहे. युद्धनौकांची यंत्रे चालवणारे अभियंते व तंत्रज्ञ तेथे शिक्षण घेतात. समुद्र दृष्टीसही पडत नाही अशा या डोंगरात शिकलेले हात दूर एडनच्या आखातात धावणाऱ्या नौकांची यंत्रे चालती ठेवतात. पूर्वी सागरावरचा माल घाट चढून येथे येई. आता येथील विद्या घाट उतरून सागरावर जाते.

तथापि केवळ युद्धनौकांनी चाचेगिरी समूळ नाहीशी होत नाही. युद्धनौका चाच्याला पकडू शकते. त्याच्या मागे उभा असणारा दुसरा उपाशी तरुण तिला पकडता येत नाही. ज्या किनाऱ्यावर न्याय आहे, कोळ्याच्या जाळ्याला मासळी आहे, मुलांना शाळा आहे आणि पहारा करणारे प्रामाणिक आहेत, तेथे चाचा जन्मास येणे कठीण. म्हणून समुद्र राखण्याचे काम अर्धे पाण्यावर होते आणि अर्धे जमिनीवर.

त्या दिवशी बेडशाच्या लेण्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या मुलाला असे दिले, "होय, चोर लुटत असत. तरीही व्यापारी निघत. कारण पुढे कोणीतरी दिवा लावून बसले आहे, अशी त्यांना खात्री असे." त्याने खांबावरील घोड्याकडे क्षणभर पाहिले आणि मान हलवली. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून येणाऱ्या थकलेल्या वाटसरूला हे लेणे जो विश्वास देत होते, तोच विश्वास आज भर समुद्रातल्या एकाकी खलाशाला द्यावा, हेच सर्व राष्ट्रांचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. वाटमाऱ्या माळावर न बसता खिंडीत का बसतो? समुद्राच्या बाबतीत ‘खिंड’ कोणती?
२. चाचेगिरी आणि समुद्रावरील सशस्त्र दरोडा यांतील भेद स्पष्ट करा.
३. कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हणणे योग्य का नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘अस्फाल्ट व्हेंचर’च्या सात खलाशांसंबंधी कोणता पेच निर्माण झाला होता? तुम्हांला त्याविषयी काय वाटते?
५. ‘समुद्र राखण्याचे काम अर्धे पाण्यावर होते आणि अर्धे जमिनीवर,’ या वाक्याचा अर्थ सांगा.
६. जगाच्या नकाशात मलाक्काची सामुद्रधुनी, गिनीचे आखात, एडनचे आखात व बाब-एल-मंदेब दाखवा.